बोरीची फांदी



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त घरगुती आहे आणि थोडं वादाचंही.

दिवाळीनंतर एका रविवारी पुण्याहून मुलाचा फोन आला. नातू सोसायटीच्या आवारात टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळत होता, चेंडू उसळला आणि थेट डाव्या डोळ्यावर बसला. डोळा लाल झाला, सुजला, दोन दिवस शाळा बुडली. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी तपासून थेंब दिले, आठवड्यात लाली उतरली. "बाबा, आता अगदी ठीक आहे. तुम्हाला मुद्दामच कळवलं नाही, उगाच काळजी करत बसला असता."

मी विचारलं, "डोळ्यातला दाब मोजला का? आणि कोन कधी बघणार आहेत?"

तिकडे क्षणभर शांतता. मग सूनबाईंचा आवाज आला, "बाबा, त्याला सगळं स्वच्छ दिसतंय हो."

तेव्हापासून मी दर दोन-तीन दिवसांनी हाच प्रश्न विचारतो आहे. "बाबा हल्ली अति करतात" असं माझ्या पाठीमागे बोललं जातं हेही मला ठाऊक आहे. आपल्या घरात पाठीमागे बोललेलं पुढे यायला वेळ लागत नाही! तर हा लेख म्हणजे त्या आरोपाला माझं उत्तर. मात्र ते देण्यासाठी मला चौसष्ट वर्षं मागे जावं लागेल. आणि जे सांगणार आहे ते घरातल्या बहुतेकांना आजवर माहीत नाही.

१९६१ सालचा उन्हाळा. आम्ही तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहत होतो. मी अकरा वर्षांचा, धाकटा भाऊ आठ वर्षांचा. दुपारी मोठी माणसं आडवी झाली की आम्ही वाड्यामागच्या मोकळ्या जागेत विटी-दांडू खेळायचो. त्या दिवशी धाकटा माझ्या अगदी समोर उभा होता. मी त्याला "मागे सर" म्हणालो की नाही, हे आज शपथेवर सांगता येणार नाही. विटी उडाली, मी दांडू हाणला आणि ती त्याच्या उजव्या डोळ्यावर बसली.

तो ओरडलासुद्धा नाही. हाताने डोळा दाबून खाली बसला. मी हात बाजूला केला तर डोळ्याच्या काळ्या भागात, खालच्या बाजूला, रक्ताची एक आडवी रेघ दिसत होती. पेल्यात तळाशी कुंकवाचं पाणी साचावं तशी.

आमच्या वडिलांचा स्वभाव जुन्या नातेवाइकांना आठवत असेल. मी धाकट्याला म्हटलं, "बोरीची फांदी लागली असं सांग. विटीचं नाव काढायचं नाही." त्याने मान डोलावली. घरी तेच सांगितलं. आईने गुलाबपाण्याच्या घड्या ठेवल्या. पाच-सहा दिवस तो अंधाऱ्या खोलीत पडून होता. नंतर रक्त नाहीसं झालं, दुखणं थांबलं, दिसू लागलं. आठव्या दिवशी तो पुन्हा खेळायला आला. डॉक्टरला दाखवण्याचा प्रश्नच आला नाही, फांदी तर लागली होती!

त्यानंतर एकच फरक राहिला. त्याच्या उजव्या डोळ्याची बाहुली डाव्या डोळ्यापेक्षा किंचित मोठी दिसायची. आई कौतुकाने म्हणायची, याचा एक डोळा मोठा आहे, भाग्याचा आहे. त्या बाहुलीभोवतीचा स्नायू माराने फाटला होता आणि म्हणून ती पुरती आकसत नव्हती, हे आम्हाला कळायला अठ्ठेचाळीस वर्षं लागली.

२००९ साली धाकट्याला चष्म्याचा नंबर काढायला मी नागपूरला घेऊन गेलो. तो गावी शेती बघतो. "वाचताना त्रास होतो" एवढीच त्याची तक्रार होती. तिथल्या मुलीने डावा डोळा झाकून उजव्याने वाचायला सांगितलं. अक्षरं त्याने वाचली, पण ती शोधायला मान फिरवत होता. तिने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. दाब मोजला. माणसाच्या डोळ्यातला दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. डावीकडे १६ होता. उजवीकडे ३८.

मग बाईंनी डोळा बधिर करणारे थेंब घातले, आरसे बसवलेलं एक भिंग डोळ्यावर टेकवलं आणि यंत्रातून बराच वेळ पाहिलं. दुसऱ्या डोळ्यातही पाहिलं, पुन्हा पहिल्यात पाहिलं. आणि विचारलं, "काका, या डोळ्याला लहानपणी कधी मार लागला होता का?"

धाकटा म्हणाला, "हो. बोरीची फांदी लागली होती."

मी शेजारीच बसलो होतो. छप्पन्न वर्षांचा, नातवंडं झालेला माणूस, आणि थोरल्या भावाला दिलेला शब्द अजून पाळत होता. मी म्हटलं, "बाई, फांदी नाही. विटी. मी मारली होती."

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, इतक्या वर्षांत बायकोलाही सांगितलं नाहीस? तो म्हणाला, "तूच त म्हनला होता, कोनाले सांगू नको." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

असो. आता मला जे समजलं ते सांगतो. मी मराठीचा आणि इतिहासाचा मास्तर, वैद्यकशास्त्र मला येत नाही. पण सोळा वर्षं भावाबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसून, बाईंना प्रश्न विचारून विचारून जे पदरात पडलं ते आपल्या भाषेत मांडतो.

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो. हे अश्रू नव्हेत, हे आतलं पाणी. ते तयार होतं आणि बुबुळाच्या कडेला, पारदर्शक पडदा आणि रंगीत पडदा जिथे मिळतात त्या कोनातल्या बारीक जाळीतून निघून जातं. न्हाणीघराच्या मोरीला जाळी असते ना, तसंच. जाळी तुंबली की पाणी साचतं, दाब वाढतो आणि डोळ्यामागे मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस हळूहळू वाळत जाते. हाच काचबिंदू.

बोथट मार लागतो तेव्हा डोळा क्षणभर पुढून मागे चेपला जातो आणि आडवा फुगतो. त्या हिसक्याने कोनातला स्नायू उभा चिरतो. त्यातूनच रक्त येतं आणि ते तळाशी साचतं. रक्त जिरून जातं, पण चिरलेला कोन पूर्ववत होत नाही. तो मागे सरकलेला राहतो आणि शेजारची जाळी वर्षानुवर्षं घट्ट होत जाते, तिच्यावर व्रण धरतो. धाकट्याचा कोन घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर दोनपासून नऊ वाजेपर्यंत फाटला होता, म्हणजे अर्ध्या वर्तुळाहून जास्त. अर्ध्याहून जास्त फाटलेल्या डोळ्याला धोका अधिक असतो. आणि हा काचबिंदू काही महिन्यांत येऊ शकतो, दहा वर्षांनी येऊ शकतो, चाळीस-पन्नास वर्षांनीही येऊ शकतो. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. कडेची दृष्टी आधी जाते, मधली शेवटी. आणि दुसरा डोळा चांगला असेल तर तो सगळं झाकून घेतो. घरात एखादा कर्ता भाऊ दुसऱ्याचं उणं झाकून घेतो तसंच. आमच्या घरात मात्र ते धाकट्याने केलं.

आता शस्त्रक्रियेविषयी, कारण या बाबतीत आपल्या लोकांच्या मनात फार घोळ आहे.

आधी थेंब दिले. दोन प्रकारचे, मग तीन. शिवाय गोळ्या, ज्यांनी त्याच्या बोटांना मुंग्या यायच्या. दाब ३८ वरून २९ वर आला आणि तिथेच थांबला. मी विचारलं, लेझरने होत नाही का? आमच्या शेजाऱ्यांना लेझरने गुण आला होता. बाई म्हणाल्या, साध्या काचबिंदूत जाळीवर लेझर मारून ती थोडी मोकळी करता येते, पण माराने व्रण धरलेल्या जाळीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. इथे पाण्याला नवीन वाट काढून द्यावी लागते.

त्या वाटेच्या शस्त्रक्रियेचं नाव ट्रॅबेक्युलेक्टॉमी. केंब्रिजच्या केर्न्स नावाच्या डॉक्टरांनी ती १९६८ साली मांडली. म्हणजे धाकट्याला विटी लागली तेव्हा ती अस्तित्वातही नव्हती. डोळ्याचं पांढरं कवच असतं त्यात एक लहानसं झाकण कापतात, झाकणाखाली आतपर्यंत एक छिद्र पाडतात आणि झाकण सैलसर टाक्यांनी परत बसवतात. आतलं पाणी त्या झाकणाच्या कडेने झिरपतं, वरच्या पापणीखालच्या पातळ पडद्यात एक छोटा फुगवटा धरतो आणि तिथून पाणी शोषलं जातं. अडचण अशी की शरीराला ही जखम वाटते आणि ते ती भरून काढायला धावतं. एरवी जखम भरली की आपण पेढे वाटतो. इथे ती भरली की शस्त्रक्रिया वाया गेली. माराच्या काचबिंदूत हा व्रण जरा जास्तच जोमाने धरतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी मायटोमायसिन नावाच्या औषधात भिजवलेला स्पंजाचा तुकडा काही मिनिटं तिथे ठेवतात आणि मग धुऊन काढतात. त्याने व्रण मंदावतो.

डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन, जागेपणीच शस्त्रक्रिया झाली. तासाभरात धाकटा बाहेर आला. पुढचे दोन महिने नागपूरच्या फेऱ्या. एका फेरीत लेझरने एक टाका सैल केला. दाब १२ वर आला.

आणि इथेच घरात रामायण झालं. पट्टी निघाल्यावर वहिनीने विचारलं, "आता दिसते ना चांगलं?" तो म्हणाला, "पयल्यासारखंच." उलट पहिले काही आठवडे थोडं धूसरच दिसत होतं. झालं, गावभर बातमी की ऑपरेशन फसलं, एवढे पैसे घालवले आणि डोळा तसाच. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली की दुसऱ्या दिवशी माणूस पेपर वाचतो. तोच हिशोब लोक काचबिंदूला लावतात. पण मोतीबिंदूत धुरकटलेलं भिंग बदलायचं असतं. काचबिंदूत वाळलेली नस परत आणता येत नाही. ही शस्त्रक्रिया गेलेलं परत आणायला नसतेच, उरलेलं राखायला असते. "पयल्यासारखंच" हाच तिचा विजय! हे आम्हाला कोणी आधी नीट बसवून सांगितलं असतं तर वहिनीच्या डोळ्यातलं पाणी वाचलं असतं. बाईंनी सांगितलं असेलही. आमच्या कानात शिरलं नसेल, हेही शक्य आहे.

तो फुगवटा सहा वर्षं टिकला. २०१५ साली दाब परत चढू लागला, थेंब घालूनही २८. वाट बुजत चालली होती. या वेळी बाईंनी नळी बसवायचं ठरवलं. डोळ्यात नळी घालून पाणी बाहेर एका चकतीपाशी न्यायचं ही कल्पना दक्षिण आफ्रिकेतल्या मोल्टेनो नावाच्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी प्रत्यक्षात आणली. पुढे अहमद यांची झडप आली, आणखीही प्रकार आले. परदेशी साधनांची किंमत आपल्या शेतकऱ्याला परवडणारी नव्हती. पण मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या अरोलॅबने आपल्याकडेच अशी चकती आणि नळी बनवली आहे, तीही फार कमी किमतीत. धाकट्याच्या डोळ्यात २०१६ साली तीच बसवली. अरविंदचे डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामी यांनी १९७६ साली, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, अकरा खाटांवर ते रुग्णालय सुरू केलं होतं. निवृत्तांनी लक्षात ठेवण्याजोगी ही गोष्ट आहे. माझ्यासारख्याने तर विशेष, मी निवृत्तीनंतर फक्त लेख लिहितो!

या नळीला झडप नसते. पाणी एकदम वाहून डोळा बसू नये म्हणून ती सुरुवातीला विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधून ठेवतात. दोरा पाच-सहा आठवड्यांनी विरघळतो आणि मग पाणी सुरू होतं. तोवर चकतीभोवती एक आवरण तयार झालेलं असतं. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर महिनाभर दाब चढाच राहतो, थेंब चालूच ठेवावे लागतात. या वेळी मी शहाणा झालो होतो. आधीच सगळ्यांना बसवून सांगितलं, "सव्वा महिना कोणी ऑपरेशन फसलं म्हणायचं नाही." सहाव्या आठवड्यात दाब १३ झाला.

आणखी एक गोष्ट. नळी वरच्या पातळ पडद्याला घासून बाहेर येऊ नये म्हणून तिच्यावर एक ठिगळ लावतात. ते नेत्रदानातून मिळालेल्या डोळ्याच्या पांढऱ्या कवचाचं होतं. नेत्रदान म्हणजे बुबुळाची पुतळी एवढंच मला ठाऊक होतं. कुणा अनोळखी माणसाचा नखाएवढा तुकडा माझ्या भावाच्या पापणीखाली आहे. त्या माणसाच्या घरच्यांना हे कधी कळणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आज धाकटा बहात्तर वर्षांचा आहे. उजव्या डोळ्यात दाब १४, एकच थेंब चालू. २००९ साली जेवढी दृष्टी उरली होती, त्यातली बहुतेक शाबूत आहे. कडेची गेली ती गेलीच. उजव्या बाजूने बैल आला तर त्याला अजून चाहूल कानानेच लागते.

आता सूनबाईंच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो रास्त आहे. त्या म्हणतात, डोळ्याला चेंडू किती मुलांना लागतो, त्यातल्या किती जणांना काचबिंदू होतो? उगाच पोराच्या मनात भीती का घालायची?

खरं आहे. मार लागलेल्या बहुतेक डोळ्यांना काचबिंदू होत नाही. कोन मागे सरकलेल्यांतही थोड्यांनाच होतो. पण कुणाला होणार हे बाहेरून दिसत नाही. "दिसतंय ना, दुखत नाही ना" हा आपला निकष या आजारापुढे कुचकामी आहे. आणि उपाय काय मागतो आहे मी? खेळणं बंद करा असं म्हणत नाही. माराची जखम निवल्यावर, साधारण महिना-दीड महिन्याने, एकदा आरशाच्या भिंगाने कोन बघायचा. ताजं रक्त असताना ही तपासणी सहसा पुढे ढकलतात, म्हणून ती राहूनच जाते. आणि कोन फाटलेला निघाला तर वर्षातून एकदा, आयुष्यभर, दोन्ही डोळ्यांतला दाब मोजायचा. दोन्ही अशासाठी की अशा माणसांच्या दुसऱ्या डोळ्यातही पुढे दाब वाढू शकतो. गाडीचं सर्व्हिसिंग आपण न चुकता करतो, मग हे का नको? धाकट्याचा दाब तिशीत, चाळिशीत कुणी मोजला असता, तर कदाचित थेंबांवर भागलं असतं, किंवा शस्त्रक्रिया झाली असती तीही पुष्कळ दृष्टी शिल्लक असताना. शस्त्रक्रिया उरलेलंच राखते म्हटल्यावर ती कधी होते, यावर सगळं अवलंबून आहे.

माझं म्हणणं एवढंच नाही. मुलाच्या लसीकरणाचं कार्ड आपण जपतो, जन्मदाखला जपतो. तसा डोळ्याला लागलेल्या माराचा एक कागद जपावा. तारीख, कोणता डोळा, कशाने लागलं, रक्त साचलं होतं का, दाब किती होता. आठ वर्षांच्या मुलाला पन्नासाव्या वर्षी हे आठवणार नाही. आठवलं तरी तो बोरीची फांदी म्हणेल.

आमच्या विदर्भातल्या वाचकांसाठी एक जास्तीची सूचना. गडचिरोली, चंद्रपूर, तिकडे नंदुरबार, या भागांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. सिकलसेलच्या मुलाच्या डोळ्यात रक्त साचलं, तर त्या रक्तातल्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होऊन जाळीत अडकतात. दाब झपाट्याने चढतो आणि इतरांना सोसेल एवढ्या दाबानेही यांची नस खराब होते. केवळ वाहक असलेल्या मुलालाही हा धोका असतो. अशा वेळी डॉक्टर वाट बघत बसत नाहीत, डोळ्यातलं रक्त लवकर धुऊन काढतात. दाबाच्या काही नेहमीच्या गोळ्याही त्यांना जपून द्याव्या लागतात. म्हणून मुलाला सिकलसेल आहे किंवा तो वाहक आहे हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. २०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. तपासणी झाली असेल तर त्याचं कार्ड दवाखान्यात जाताना बरोबर न्या.

आणि आता एक कबुली, जी देताना विटीपेक्षाही जड जातं आहे.

मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. मैदानावर डोळ्याला लागलेली मुलं किती आली असतील? चेंडू, खडू, डस्टर, दुसऱ्याचं कोपर, रंगपंचमीचा पाण्याचा फुगा. मी काय केलं? नळाखाली डोळा धुवायला लावला, "बघू, किती बोटं?" म्हणून दोन बोटं दाखवली, "दोन" म्हणाला की पाठीवर थाप मारून वर्गात पाठवलं. एका मुलाचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. १९८४ चं स्नेहसंमेलन, लेझीमच्या सरावात दांडा डोळ्यावर बसला होता. त्याच्या डोळ्यातही तळाशी ती लाल रेघ होती. मी ती पाहिली होती. आणि मला माझा धाकटा आठवला, तो बरा झाला होता, हे आठवलं, आणि मी निर्धास्त झालो. "काही होत नाही, आमच्या भावालाही असंच झालं होतं," असं मी त्याच्या आईला सांगितलं. तेव्हा धाकट्याच्या डोळ्यात काय चाललं असेल कोण जाणे!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक शाळेत एक वही असावी. डोळ्याला मार लागला की त्यात नोंद, पालकांच्या हाती चिठ्ठी आणि "आजच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा" हे वाक्य. खर्च एका वहीचा. डोळा चोळू द्यायचा नाही, दाबून बांधायचा नाही, आणि दुकानातून परस्पर थेंब आणायचे नाहीत. लाली घालवणारे स्टिरॉइडचे थेंब मनाने आठवडेच्या आठवडे घातले, तर काही जणांच्या डोळ्यातला दाब त्यांनीच चढतो. आजी-माजी शिक्षक मंडळी हे वाचत असतील, त्यांनी आपापल्या शाळेत हे बोलून पाहावं. ज्यांची अशी शस्त्रक्रिया झाली आहे त्यांना एवढंच सांगतो: डोळा लाल झाला, दुखू लागला, चिकटा आला, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी जा. नवीन केलेल्या वाटेने जंतूही आत शिरू शकतात, आणि हा धोका वर्षांनंतरही असतो.

हे लिहिण्याआधी धाकट्याला फोन करून परवानगी घेतली. म्हटलं, विटीची गोष्ट सगळ्यांना सांगणार आहे. तो हसला. म्हणाला, "सांग आता. बाबा काही मारायले येत नाही." मग त्याने आपणहून पुण्याला नातवाला फोन केला. काय बोलले ते मला ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी सूनबाईंचा निरोप आला: पुढच्या शनिवारी कोन बघायची वेळ घेतली आहे. कोन शाबूत निघाला तर मी पेढे वाटीन आणि अति केल्याचं सगळ्यांसमक्ष कबूल करीन. त्या कबुलीची मी मनापासून वाट बघतो आहे.

आणि १९८४ सालचा तो लेझीमवाला मुलगा, किंवा माझ्या नळाखाली डोळे धुतलेला दुसरा कुणी विद्यार्थी हे वाचत असेल तर, बाबा रे, तू आता पन्नाशी ओलांडली असशील. सरांनी तेव्हा "काही होत नाही" म्हटलं होतं, ते चुकीचं होतं. या आठवड्यात जा, दाब मोजून घे, डॉक्टरांना काय लागलं होतं ते खरं सांग. आणि किती आला ते मला कळव.